मुंबई पाहावी ती काच वर करून

मुंबई पाहायला जायचं ठरलं की घरात एखादा तरी शहाणा निघतोच, जो म्हणतो, "चर्चगेटला उतरू आणि पायी फिरू." त्याला सर्वात आधी गप्प करा. भाचा असेल तर दटावून, मेव्हणा असेल तर मानापानाने. मुंबई ही पायी पाहायची चीज नव्हे. ती 'आठ तास, ऐंशी किलोमीटर' या दराने, एसी लावलेल्या खासगी टॅक्सीत बसून, काच वर करून पाहायची असते.

यात कमीपणा वाटणाऱ्यांना इतिहास ठाऊक नाही. मुंबई न पाहता मुंबईचं सगळं काही करणाऱ्यांची परंपरा फार मोठी आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला ही बेटं पोर्तुगीज राजकन्येशी लग्न करताना आंदण मिळाली, १६६१ च्या करारात. जावईबापू स्वतः इकडे कधी फिरकले नाहीत. १६६८ मध्ये त्यांनी ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. व्हिक्टोरिया राणीचं नाव इथल्या सगळ्यात देखण्या स्टेशनावर शंभराहून जास्त वर्षं होतं, पण बाईंनी हिंदुस्थानात पाऊल म्हणून टाकलं नाही. विद्यापीठाची इमारत आणि शेजारचा राजाबाई टॉवर यांचे नकाशे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी विलायतेत बसून काढले. तेही मुंबईला आले नाहीत. या मंडळींच्या मानाने तुम्ही आठ तास काचेआडून का होईना पाहणार आहात. म्हणजे तुम्ही अभ्यासकच झालात.

आता टॅक्सी ठरवू. फोनवरचा माणूस तुम्हाला ठिकाणं सांगणार नाही, 'पॉइंट' सांगेल. सगळं मिळून बावीस पॉइंट, कुणाकडे पंचवीस. जास्त पॉइंटवाला घ्या. त्यात एका श्रीमंत माणसाचं सत्तावीस मजली घर, दोन नटांच्या बंगल्यांची फाटकं आणि एक पूल हेही धरलेले असतात, तेव्हा उगाच खोलात शिरू नका. "टोल, पार्किंग वेगळं, आणि किलोमीटर गॅरेज टू गॅरेज," असं तो शेवटी भरभर म्हणेल. तेव्हा तुम्ही "हो हो" म्हणायचं असतं. याचा अर्थ काय ते संध्याकाळी कळतं. सकाळीच कळलं तर दिवसाचा विरस होतो.

वार शक्यतो सोमवार निवडा. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात आणि नेहरू तारांगणही बंद असतं. दोन्ही ठिकाणी आत शिरून वेळ घालवायचा धोका परस्पर टळतो. घारापुरीला तर लाँचने तासभर जायचं, पायऱ्या चढायच्या, मग त्या अंधारात त्रिमूर्तीसमोर तोंड उघडं टाकून उभं राहायचं. एवढ्या वेळात बाहेर सात पॉइंट होतात. बुधवारही वाईट नाही, त्या दिवशी राणीची बाग बंद असते. फक्त लहान मुलांना पेंग्विनचं आधी सांगू नका.

ड्रायव्हरशी हिंदीत बोला. तो मूळचा जौनपूरचा असेल तर ठीकच. जावळी खोऱ्यातला असेल तर तोही तुमच्याशी हिंदीतच बोलेल, आणि लातूरचे पाहुणे व साताऱ्याचा ड्रायव्हर यांचा दिवसभर "वो उधर क्या है", "वो हाईकोर्ट है" असा राष्ट्रीय एकात्मतेचा सोहळा चालेल. तो मोडू नये.

दादरकडून निघालात की गाडी लालबागच्या उड्डाणपुलावर चढेल. मुलांना सांगा, की आता खाली बघण्यासारखं काही नाही. खाली फक्त गिरणगाव आहे. पुढे जे. जे. चा उड्डाणपूल लागतो. त्यावरून मोहम्मद अली रोडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांचे वाळत घातलेले कपडे, गॅलरीतली कबुतरं आणि क्वचित कुणाची दाढी चालू असलेली दिसते. हा पॉइंट यादीत नसतो, फुकट मिळतो. माझ्या मते अख्ख्या सहलीत खरी मुंबई एवढीच दिसते, पण ताशी साठच्या वेगाने, त्यामुळे कोणाला अपाय होत नाही.

गेटवे ऑफ इंडियापाशी गाडी थेट नेता येत नाही. ड्रायव्हर रीगलच्या आसपास कुठेतरी तुम्हाला उतरवून म्हणेल, "फोटू काढून या, मी चक्कर मारून येतो, निघताना मिस कॉल द्या." इथे नाइलाजाने चालावं लागतं, पण मन घट्ट करा. गेटवेपुढे उभं राहून, पाठ त्याच्याकडे करून, फोटो काढा. पाठ करणं महत्त्वाचं आहे. या कमानीची कथाच तशी आहे. पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी डिसेंबर १९११ मध्ये अपोलो बंदरावर उतरले तेव्हा त्यांच्या स्वागताला कमान होती ती पुठ्ठ्याची. पायाभरणीचा दगड १९१३ च्या मार्चमध्ये बसला आणि दगडी कमान पुरी होऊन उघडली १९२४ च्या डिसेंबरात. पाहुणे येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी मांडव उभा राहिला. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून बोटीत बसून निघून गेली. आगमनासाठी बांधलेली वास्तू जाण्याच्या कामी आली हे मला तरी फार समाधानाचं वाटतं. पण हे सगळं तिथे उभं राहून सांगत बसू नका. मागे दुसऱ्या कुटुंबाचा नंबर असतो आणि इन्स्टंट फोटोवाला तुम्हाला ताजच्या घुमटावर बोट ठेवायला लावत असतो.

यानंतरचा तासाभराचा टप्पा हा टॅक्सी सहलीचा कळस आहे. गेटवे ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर दोन-अडीच किलोमीटर. चालायला अर्धा-पाऊण तास, तोही रेंगाळत. वाटेत वस्तुसंग्रहालय, काळा घोडा, विद्यापीठ, हायकोर्ट, हुतात्मा चौक असं सगळं ओळीने येतं, जणू कोणीतरी चालणाऱ्यासाठीच मांडून ठेवलं आहे. नेमकं म्हणूनच ते गाडीतून करायचं. एकेरी रस्ते, सिग्नल, पुढे खोदकाम, मग यू-टर्न. प्रत्येक वास्तू अशी एकदा डाव्या खिडकीतून आणि एकदा उजव्या खिडकीतून दिसते. चालणाऱ्याला ती एकदाच दिसते.

काळ्या घोड्यापाशी ड्रायव्हरला विचारू नका की घोड्यावर स्वार का नाही. मूळ पुतळ्यावर सातवा एडवर्ड बसला होता. तो घोड्यासकट १९६५ मध्ये राणीच्या बागेत गेला, आणि २०१७ मध्ये चौकात नुसता बिनस्वाराचा घोडा आला. आता हे सांगायचं तर गाडी थांबवावी लागेल, आणि तिथे गाडी थांबवली की ट्रॅफिक पोलीस येतो, मग तो वेगळाच इतिहास सांगतो.

हुतात्मा चौकात टॅक्सी 'फ्लोरा फाउंटन' या नावाने वळते. कारंजं १८६४ चं आहे, छान आहे, बघा. शेजारी शेतकरी आणि कामगार मशाल धरून उभे आहेत, त्यांच्याकडे बघायचं झालं तर मान बरीच वळवावी लागते. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच परिसरात गोळ्या चालल्या आणि माणसं पडली, म्हणून आज ही मुंबई महाराष्ट्रात आहे आणि तुम्ही तिला 'आपली मुंबई' म्हणत टॅक्सीतून फिरता आहात. पण पॉइंटच्या यादीत कारंजं आहे, हुतात्मे नाहीत. यादीबाहेर थांबलात तर वेटिंग लागतं.

मग ते स्टेशन. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी बांधलेलं, १८७८ ला सुरू होऊन दहा वर्षांनी पुरं झालेलं, २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत. या इमारतीच्या अंगावर मोर, माकडं, मुंगूस, पानंफुलं, माणसांचे चेहरे कोरलेले आहेत. हे काम इथल्याच कला शाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातचं. चार पावलं जवळ गेलं की कळतं, की प्रत्येक खांबाचं टोक वेगळं आहे. अशा ठिकाणी सिग्नल किती सेकंदांचा असावा हे ठरवणाऱ्याला खरोखर दाद द्यावी. मोबाइल बाहेर काढून कॅमेरा चालू होईपर्यंत तो लाल असतो आणि नेम धरला की हिरवा होतो. हाती येतो तो पुढच्या बेस्ट बसचा मागचा भाग आणि वर थोडासा घुमट. हाच फोटो फॅमिली ग्रुपवर टाका. समोर महापालिकेची इमारतही त्याच स्टीव्हन्स यांची आहे, पण ती पाहायला मान उलट्या बाजूला लागते.

मरीन ड्राइव्हवर कट्ट्यावर बसायचा मोह होईल. बसू नका. बसलात तर उठावंसं वाटत नाही, आणि मलबार हिलचे पॉइंट बोंबलतात. हँगिंग गार्डनमध्ये झाडांना हत्ती-घोड्यांचे आकार दिलेले आहेत, ते पाहा. बागेखाली दक्षिण मुंबईला पाणी पुरवणारी टाकी आहे, ती दिसत नाही, त्यामुळे तिचा फोटो येत नाही, त्यामुळे ती नाहीच असं समजून चाला. समोर म्हातारीचा बूट. आत्याबाईंना आत शिरायचं असेल तर त्यांना समजवा, तो लहान मुलांसाठी आहे.

गावदेवीच्या मणिभवनापाशी ड्रायव्हर म्हणेल, "गांधी म्यूझियम, दहा मिनट." दहा मिनिटंही जास्तच आहेत. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की या घरात उतरत. इथल्या गच्चीवर तंबूत झोपलेले असताना ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे त्यांना पोलीस घेऊन गेले. घर लहान आहे, गल्ली शांत आहे, झाडं आहेत, आणि आत गेल्यावर माणसं आपोआप हळू बोलायला लागतात. अशा जागी वेळेचं भान सुटतं. त्यापेक्षा पुढच्या सत्तावीस मजली घरापाशी गाडी सावकाश घ्यायला सांगा. तिथे जायला परवानगी नाही, आत बघायला मिळत नाही, बाहेर थांबू देत नाहीत, म्हणजे टॅक्सी सहलीला याहून सोयीचं स्थळ नाही. गाडीतल्या चर्चाही इथेच सर्वात सखोल होतात. वीजबिल किती येत असेल, केर कोण काढत असेल, लिफ्ट बंद पडली तर काय.

हाजी अली खिडकीतून. महालक्ष्मीचा धोबीघाट पुलावरून. इतक्या लोकांना आपण वरून कपडे धुताना बघतो आहोत, असं कुणाला अवघडल्यासारखं वाटलं तर त्याला चिप्सचं पाकीट द्यावं.

जेवणासाठी ड्रायव्हर जिथे नेईल तिथे जा. त्याचं जेवण तिथे फुकट असतं आणि तुमचं त्या हिशेबाने महाग. पंजाबी थाळी मिळेल. मुंबईत येऊन मालवणी किंवा इराणी शोधणं हा शुद्ध हट्ट आहे. नंतर मुलं मॉलमध्ये नेण्याचा धोशा लावतील. लोअर परळला न्या, फिनिक्समध्ये. आवारात एक जुनी उंच चिमणी उभी आहे. मुलांनी विचारलं तर सांगा, डिझाइन आहे. सकाळी पुलावरून ज्या गिरणगावाकडे बघू नका म्हटलं होतं, त्याचाच हा एक तुकडा. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि तो संप रीतसर मागे घेतल्याचं आजतागायत कोणी जाहीर केलेलं नाही. तुमच्याच घरातला कुणी आजोबा त्या अडीच लाखांत असण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून तर सांगतो, विषय काढू नका. सेल चालू असेल तर आत जा.

वांद्रे-वरळी सागरी सेतूबद्दल मात्र टॅक्सीवाल्यांना मानलं पाहिजे. यादीतलं हे एकच स्थळ असं, की जिथे चालायला, दुचाकीला, रिक्षाला बंदी आहे आणि थांबायला सगळ्यांनाच. साडेपाच किलोमीटर. टॅक्सीशिवाय दिसणार नाही आणि टॅक्सीतूनही धड दिसत नाही. व्हिडिओ काढा. त्यात केबल, केबल, केबल, सासरेबुवांचा कान, केबल असं येईल. टोल तुमच्याकडे.

संध्याकाळी वांद्र्याला बंगल्याचं फाटक पाहून झालं की हिशेब. मीटरवर तुमच्या अंदाजाच्या दुप्पट किलोमीटर दिसतील. ओरडू नका. गॅरेज मीरा रोडला आहे. सकाळी तुम्ही अंघोळ करत होता तेव्हा तुमची टॅक्सी दहिसर, बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव, अंधेरी असं करत येत होती आणि आता त्याच वाटेने रिकामी परत जाणार आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात ३१ लाखांच्या आसपास माणसं होती आणि उपनगर जिल्ह्यात ९३ लाखांवर. त्या ९३ लाखांतला जवळजवळ एकही पॉइंट तुमच्या यादीत नव्हता, तरी त्यांच्या दारावरून दोनदा जाण्याचं भाडं तुमच्या बिलात आहे. एवढ्या माणसांना न भेटता परत जायचं म्हणजे थोडा खर्च येणारच. पैसे मोजून द्या, वर चहापाण्याचे ठेवा. पावती हवी असेल तर जीएसटी वेगळा.