दाढ भरल्यावर कळ येते म्हणून मिश्री लावायची?

साखर पेठेतल्या माझ्या मावशीनं दहा दिवसांपूर्वी खालची दाढ भरून घेतली. परवा भेटायला गेले तर ती त्या दाढेवर मिश्री चोळत बसलेली. सहा वर्षांपूर्वी सोडलेली मिश्री! का, तर व्हॉट्सॲपवर आलं होतं: 'दात भरल्यावर ठणकतोय? डॉक्टरकडे परत जाऊ नका, रूट कॅनॉल गळ्यात मारतील. मिश्री लावा, लिंबू-मीठ चोळा, लवंगेचं तेल लावा. सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट म्हणजे लूट.' हाच मेसेज मला आणखी तिघींकडून आलाय.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारनं 1992 सालीच बंदी घातली. दुकानातल्या डबीला जे चालत नाही, ते घरच्या तव्यावर भाजलं म्हणून औषध होतं का? तोंडाचा कर्करोग तंबाखूनं होतो, हे आता कुणाला नव्यानं सांगायला नको. आणि चोळल्यावर जे बरं वाटतं ती तलफ भागलेली असते, दाढ नाही. उलट रोज घासून हिरडी खाली सरकते, दाताची मान उघडी पडते. तिथं बारीक नळ्या असतात. गार पाणी लागलं की त्यातलं द्रव हलतं आणि नसेला सणक जाते. म्हणजे कळ घालवायला लावलेली मिश्रीच नवी कळ तयार करते.

लिंबू तर नकोच. आम्लानं दाताचं कवच विरघळतं.

लवंगेच्या तेलाचं थोडं खरं आहे, मान्य. त्यातल्या युजेनॉलनं दात बधिर होतो, डॉक्टरही ते वापरतात. पण नुसतं तेल हिरडीला लागलं तर भाजतं, आणि कळ येण्याचं कारण जागेवरच राहतं.

पेस्ट लूट नाही. पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट दिवसातून दोनदा लावली तर दोनेक आठवड्यांत फरक पडतो. एकदा लावून 'काही झालं नाही' म्हणू नये.

सगळ्यात राग येतो तो 'परत जाऊ नका' याचा. भरलेल्या दाढेला गार लागून क्षणभर कळ येत असेल तर दोन-तीन आठवडे थांबायला हरकत नाही, बहुतेकदा ती आपोआप जाते. पण मावशीला गार पाण्याचा त्रासच नव्हता. कडक भाकरीचा तुकडा दाढेखाली आला की ती गाल धरून बसायची. चावताना कळ म्हणजे बऱ्याचदा सिमेंट किंचित उंच राहिलेलं असतं. मी तिला त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी निळा कागद दाढेवर ठेवून चावायला लावलं. सिमेंटवर एकाच जागी गडद निळा ठिपका उमटला. तेवढाच घासला, पुन्हा कागद, पुन्हा थोडं घासलं. पाच मिनिटंही लागली नाहीत, पैसेही घेतले नाहीत.

गरम लागल्यावर कळ बराच वेळ टिकत असेल, किंवा रात्री झोपेतून उठवत असेल, तर मात्र आत नस सुजलेली असू शकते. तेव्हा रूट कॅनॉल खरंच लागू शकतं, आणि मेसेज वाचून घरी बसलात तर गळू होईपर्यंत वेळ जातो.

मावशीची दाढ शांत झाली. मिश्रीची तलफ मात्र परत आलीय. काल संध्याकाळी तिनं फोन करून सांगितलं, 'डबी फेकली गं, पण हात सारखा तिकडंच जातोय.'