‘दवाखान्यातला मास्क म्हणजे देखावा’ या संदेशाला उत्तर

गेल्या काही आठवड्यांत मराठवाड्यातील गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरत आहे. त्यासोबत एका परिचारिकेचे छायाचित्र आहे आणि तिचा मास्क हनुवटीवर ओढलेला आहे. संदेशाचे म्हणणे असे: विषाणू मास्कच्या छिद्रांतून आरपार जातो, मास्क निरुपयोगी असल्याचे २०२३ मध्येच जागतिक संशोधनाने सिद्ध केले, मास्कमुळे शरीराला ऑक्सिजन कमी पडतो, डॉक्टर आणि सिस्टर स्वतःच मास्क खाली ठेवतात, म्हणजे त्यांनाही हे ठाऊक आहे, आणि कोरोना संपल्यावर मास्क लावणे हा निव्वळ देखावा आहे. मी एकोणीस वर्षांपासून मराठवाड्यातील एका सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात परिचारिका आहे. हा संदेश मला माझ्याच रुग्णाच्या मुलाने दाखवला आणि त्याने वडिलांचा मास्क तेव्हाच काढून टाकला होता, म्हणून प्रत्येक मुद्द्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

छिद्रांचा मुद्दा मास्कला पिठाची चाळणी समजल्यामुळे निर्माण होतो. कोरोनाचा विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो हे खरे, पण तो हवेत सुटा फिरत नाही. खोकताना, बोलताना, श्वास सोडताना बाहेर पडणाऱ्या ओलसर कणांत तो असतो आणि हे कण त्याच्यापेक्षा मोठे असतात. शिवाय सर्जिकल मास्कच्या मधल्या थरात आणि चेहऱ्याला घट्ट बसणाऱ्या एन-९५ मास्कमध्ये पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या अतिसूक्ष्म तंतूंचे गुंतागुंतीचे जाळे असते, त्यावर स्थिर विद्युतभार असतो, आणि कण त्या जाळ्यातून वाट काढताना तंतूंना चिकटतात. एन-९५ ची परीक्षा ०.३ मायक्रॉनच्या कणांवर घेतात, कारण साधारण त्या आकाराचे कण अडवणे सर्वांत कठीण असते. त्याहून बारीक कण हवेत इतके वेडेवाकडे हेलकावतात की ते तंतूंवर अधिक सहज आदळतात. आणि क्षयरोगाचा जंतू तर लांबीला २ ते ४ मायक्रॉन असतो.

ऑक्सिजनचा दावा याच संदेशात आहे, पण तो पहिल्या दाव्याशी विसंगत आहे. ऑक्सिजनचा रेणू विषाणूपेक्षा शेकडो पटींनी लहान असतो. ज्या छिद्रातून विषाणू सहज जातो असे म्हणायचे, त्याच छिद्रात ऑक्सिजन अडतो असे कसे म्हणता येईल? मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर असताना, कूलर बंद पडलेल्या वॉर्डात एन-९५ लावून सहा-सात तास उभे राहिले की डोके दुखते, नाकावर वळ उठतो, चष्म्यावर वाफ धरते. हा त्रास मी नाकारत नाही. मात्र त्रास होणे आणि ऑक्सिजन कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तशाच एका ड्युटीच्या शेवटी मी ऑक्सिमीटर स्वतःच्या बोटाला लावून पाहिला होता आणि त्यावर ९८ हा आकडा होता. ज्यांना आधीच श्वसनाचा गंभीर आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावे, हे वेगळे सांगायला नको.

आता २०२३ च्या संशोधनाविषयी. संदेशाचा रोख त्या वर्षी जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन या, वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासून आढावे काढणाऱ्या संस्थेच्या आढाव्याकडे आहे. त्यात ७८ चाचण्या एकत्र पाहिल्या होत्या, आणि बहुतांश मास्कविषयक चाचण्यांत प्रश्न असा होता की लोकांना मास्क वापरायला सांगितले किंवा वाटले तर त्यांच्यातील श्वसनसंसर्ग कमी होतो का. पुष्कळ ठिकाणी ज्यांना मास्क दिले त्यांनी ते नियमित लावलेच नाहीत. औषधाची बाटली फडताळात ठेवणाऱ्या रुग्णावरून औषधाची पारख करता येत नाही, तसेच हे आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये कॉक्रेनच्या मुख्य संपादक कार्ला सोआरेस-वायझर यांनी स्पष्ट केले की ‘मास्क उपयोगी नाहीत असे आढाव्याने दाखवले’ हा अर्थ चुकीचा आणि दिशाभूल करणारा आहे. आढाव्याचे निष्कर्ष अनिर्णायक होते. आरोग्य कर्मचाऱ्यांमध्ये एन-९५ हा सर्जिकल मास्कपेक्षा ठळकपणे सरस असल्याचेही त्या चाचण्यांतून दिसले नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. पण ‘सिद्ध झाले नाही’ याचे ‘निरुपयोगी सिद्ध झाले’ करून टाकणे ही वाचकाची फसवणूक आहे.

आमच्या वॉर्डाशी सर्वांत जवळचा वाटणारा प्रयोग मात्र या संदेशात कुठेच नाही. दक्षिण आफ्रिकेतील एका रुग्णालयात औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या १७ रुग्णांच्या खोल्यांतील हवा दोन दालनांत सोडण्यात आली आणि प्रत्येक दालनात ९० गिनीपिग ठेवले होते. रुग्ण एक दिवसाआड साधा सर्जिकल मास्क लावत. मास्कच्या दिवसांची हवा एका दालनात आणि बिनमास्कच्या दिवसांची दुसऱ्यात जाई. तीन महिन्यांनी बिनमास्कच्या हवेतील ९० पैकी ६९ प्राण्यांना संसर्ग झाल्याचे आढळले, मास्कच्या हवेतील ९० पैकी ३६ जणांना. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले हे आकडे दोन गोष्टी सांगतात: खोकणाऱ्याच्या तोंडावरील साधा मास्कही हवेतील धोका जवळजवळ निम्म्यावर आणतो, आणि तो धोका शून्यावर आणत नाही. म्हणूनच त्या मुलाने वडिलांचा मास्क काढला तेव्हा मला वाईट वाटले, कारण तो मास्क शेजारच्या खाटेसाठी होता.

मास्क म्हणजे तोंडावर बांधलेले कोणतेही फडके नव्हे, हेही इथेच सांगते. आमच्याकडे उन्हासाठी स्कार्फ किंवा गमछा गुंडाळण्याची पद्धत आहे, आणि काही नातेवाईक तोच बांधून वॉर्डात येतात. धुळीसाठी तो ठीक आहे, पण संसर्ग अडवायला त्याच्यावर विसंबता येत नाही. व्हिएतनाममधील रुग्णालय कर्मचाऱ्यांच्या २०१५ च्या अभ्यासात कापडी मास्कमधून ९७ टक्के कण आरपार गेल्याचे आढळले होते.

संदेशातील सर्वांत प्रभावी भाग छायाचित्राचा आहे, आणि तो मुद्दा पूर्ण खोटा नाही. हनुवटीवरचे मास्क मी रोज पाहते. सलाइनच्या स्टँडला अडकवलेला, एप्रनच्या खिशात घडी करून ठेवलेला, दुपारच्या चहानंतर त्याच बोटांनी पुन्हा नाकावर ओढलेला मास्क मी पाहिला आहे, आणि तीन दिवस तोच एन-९५ वापरणाऱ्या मुलीही पाहिल्या आहेत, कारण स्टोअरमधून मोजून मास्क मिळत होते. प्रश्न असा की यावरून निष्कर्ष काय काढायचा? कर्मचारी मास्क खाली ओढतात याची कारणे मला माहीत आहेत, आणि ‘त्याचा उपयोग नाही’ हे त्यांतले कारण क्वचितच असते. कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्यांना ओठांची हालचाल दिसल्याशिवाय बोलणे कळत नाही. मास्क लावला म्हणजे सिस्टरला आपली किळस येते, असे काही रुग्णांना वाटते. एका आजोबांनी मला विचारले होते, ‘सिस्टर, मला एवढा वंगाळ आजार झाला का हो, तोंड झाकून बोलायलात?’ मी त्यांना सांगितले, ‘बाबा, माझ्या घशातलं काही तुम्हाला लागू नये म्हणून बांधलंय,’ आणि त्यानंतर त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. राऊंडला आलेले मोठे डॉक्टर बिनमास्कचे असतील, तर मागचे इंटर्न, सिस्टर आणि मामाही (वॉर्डातील मदतनीस) आपापले मास्क खाली करतात. आणि सर्वांत घातक म्हणजे ‘इतकी वर्षे झाली, आम्हाला काही होत नाही’ ही सवयीने आलेली बेफिकिरी.

अनुभवी माणूस मास्क लावत नाही म्हणून मास्क व्यर्थ ठरत नाही, याचे उदाहरण शंभर वर्षांहून जुने आहे. १९१०-११ मध्ये मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली, तेव्हा वू ल्येन-तेह या तरुण डॉक्टरने कापूस आणि गॉझचा मास्क सर्व कर्मचाऱ्यांसाठी आवश्यक ठरवला. मेस्नी नावाच्या ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टरांना हे मान्य नव्हते. ते मास्कशिवाय रुग्णांजवळ गेले आणि काही दिवसांतच प्लेगने दगावले.

उरला ‘कोरोना संपला’ हा मुद्दा. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, महाराष्ट्रातील कोरोनाचे निर्बंध उठले. पण दवाखान्यातील मास्क कोरोनामुळे जन्मलेला नाही. शस्त्रक्रियेत तो १८९७ पासून आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि मराठवाड्यात तो आजार आमच्या रोजच्या कामाचा भाग आहे. गळीत हंगाम संपला की बीडकडचे ऊसतोड मजूर परत येतात. सहा महिने कोप्यांमध्ये (फडाजवळच्या तात्पुरत्या झोपड्यांत) दाटीने राहिलेले, कधी अर्धवट उपचार सोडून गेलेले लोक खोकत ओपीडीच्या रांगेत उभे राहतात. निदान व्हायच्या आधीच हा रुग्ण आजार पसरवत असतो, त्यामुळे ‘क्षयरोग ठरला की मास्क लावू’ हा हिशेब उशिराचा ठरतो. माझ्या एका तरुण सहकारिणीच्या फुप्फुसावरणात पाणी झाले आणि तिला सहा महिने क्षयरोगाची औषधे घ्यावी लागली. तो तिला वॉर्डातच झाला असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, पण त्या काळात ती मास्क खिशात ठेवत असे, हे मला ठाऊक आहे.

केंद्र सरकारने २०१० मध्ये हवेतून पसरणाऱ्या संसर्गासाठी दिलेल्या सूचनांत मास्क एकटा नाही: खोकणाऱ्याला रांगेतून आधी वेगळे काढावे, लवकर तपासावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, असे त्यात आहे. थंडीत नातेवाईक वॉर्डाच्या खिडक्या लावून घेतात, तेव्हा आम्ही त्या पुन्हा उघडतो, आणि त्यावरून रोज वाद होतो. आता केस पेपरच्या खिडकीवर बसणारे मामा प्रत्येकाला दोन आठवड्यांपासून खोकला आहे का, हे आधी विचारतात. ‘हो’ म्हणणाऱ्याच्या हातात तीन थरांचा मास्क देतात, तो नाकावर कसा दाबायचा ते स्वतः लावून दाखवतात आणि त्याला आतल्या दाटीत न बसवता व्हरांड्यातील बाकावर बसवून त्याचा नंबर पुढे काढतात.