सिग्नलला डिपर मारून काही होत नाही, तो मेसेज पुढे पाठवू नका

आमच्या ग्रुपवर या आठवड्यात तोच मेसेज तिसऱ्यांदा आला. म्हणे लांबूनच सिग्नलला चार-पाच वेळा डिपर मारा, वरच्या सेन्सरला ॲम्ब्युलन्स आली असं वाटतं आणि लगेच हिरवा पडतो. पुढे, रस्त्याखाली वजनकाटा असतो म्हणून टू-व्हीलरला सिग्नल दाद देत नाही, आणि लाल एवढा वेळ ठेवतात तो मुद्दाम, लोकांनी तोडावा आणि दंड भरावा म्हणून. तिन्ही चूक, आणि पहिलं तर धोक्याचं.

डिपरचं आधी घेतो. ही गोष्ट अमेरिकेतून आलीये. तिथे बऱ्याच शहरांत ॲम्ब्युलन्स, फायर ब्रिगेडच्या गाड्यांवर एक खास दिवा असतो, तो सेकंदाला साधारण 14 वेळा अगदी ठरलेल्या तालात फ्लॅश होतो आणि सिग्नलवरचा सेन्सर फक्त तेवढा ताल ओळखतो. आपण हाताने सेकंदाला तीन-चार वेळा मारला तरी डोक्यावरून पाणी. शिवाय तिथेही कुणीही उठून तसला दिवा वापरणं 2005 च्या कायद्याने गुन्हा आहे. मग तुमचा हिरवा कसा झाला? तो होणारच होता हो, आणि जेव्हा झाला नाही ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला आमच्या चौकात एक आजोबा दुधाची पिशवी घेऊन झेब्रावर निम्म्यात पोचले होते, समोरून एक गाडी सलग डिपर मारत आली आणि ते तिथेच थबकले, पिशवीचाच हात डोळ्यांवर धरला, पुढे जावं की मागे ते कळेना, शेवटी एका रिक्षावाल्याने उतरून त्यांना पलीकडे नेलं. म्हणून एवढं लिहितोय.

आता वजन. डांबरात चौकोनी चीर पाडून आत तारेचं वेटोळं पुरतात, वर धातू आला की तारेतल्या करंटमध्ये फरक पडतो, कंट्रोलर तो पकडतो. वजनाचा संबंध नाही. बाईकमध्ये धातू कमी म्हणून ती कधी सुटते हे खरंय, पण त्या चिरेवरच चाक आणून थांबलात तर बहुतेक वेळा पकडली जाते. आपल्याकडे रस्ता खोदला की आधी ती तारच तुटते, मग सिग्नल ठरलेल्या टायमिंगवर चालतो, गाड्या असोत नसोत. जिथे कॅमेऱ्याने मोजतात तिथे स्टॉप लाईनच्या मागचा भाग चौकटीत आखलेला असतो, आपण पुढे झेब्रावर जाऊन उभे राहिलो की चौकटीबाहेर, मोजलेच जात नाही.

त्या मेसेजखाली कुणीतरी विचारलं की हॉर्न वाजवला की लाल वाढतो म्हणे. हे मात्र झालंय! मुंबई पोलिसांनी काही मोजक्या सिग्नलना डेसिबल मीटर जोडला होता, आवाज 85 डेसिबलच्या वर गेला की लालचे 90 सेकंद परत पहिल्यापासून सुरू. 2020 च्या जानेवारीत त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. पण ती जनजागृतीची मोहीम होती, प्रत्येक चौकात तसलं काही बसवलेलं नाही.

राहिला मुद्दाम लाल. हिशोब करून बघा. चार रस्त्यांचा चौक, पूर्ण फेरी 120 सेकंदांची, आणि प्रत्येक रस्त्याला वेगळा हिरवा. दर वेळी पिवळा आणि त्यानंतर सगळीकडे लाल असे मिळून 5 सेकंद धरले तर 20 तिथेच गेले. उरले 100, म्हणजे एका रस्त्याला 25. तुम्हाला दीड मिनिट लाल दिसतो तो बाकीच्या तिघांचा हिरवा असतो. फेरी छोटी केली तर ते 20 सेकंद तासात जास्त वेळा वाया जातात, मोठी केली तर रांगा वाढतात. आणि पायी जाणाऱ्यांचा वेळही यातच बसवायचा असतो, सेकंदाला 1.2 मीटर चाल धरली तर 18 मीटरचा रस्ता ओलांडायला 15 सेकंद लागतात. त्या आजोबांना 20 तरी लागले असते.