लोकसहभाग: लोकांना अजिबात त्रास न देता

किनारपट्टीचा एखादा प्रकल्प पदरात पडला आणि आराखड्यात ‘लोकसहभाग’ असा रकाना दिसला, तर बिचकू नका. रकाना भरता येतो. लोकांनी येऊन काही ठरवून टाकू नये, एवढीच काळजी घ्यायची.

सगळी मदार बैठकीच्या तारखेवर असते. पालघर, वसई, उत्तनकडची डोल, म्हणजे समुद्रात एका जागी बांधून ठेवलेली पिशवीसारखी जाळी, पाण्याच्या ओढीवर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोरात, होड्या बाहेर. अष्टमीच्या सुमाराला भांग लागला, म्हणजे भरती-ओहोटी कमी झाली, की ओढ मंदावते आणि मंडळी घरी जाळी शिवत बसतात. तेव्हा कालनिर्णय उघडा, पौर्णिमा शोधा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ची वेळ द्या. ११ अशासाठी, की त्या वेळी कोळणी बाजारात पाट्या मांडून बसलेल्या असतात. मासळीचा हिशेब ज्यांच्या हातात, त्याच नसल्या की चर्चा झटपट आटोपते. सह्या कमी पडल्याच, तर वडा-चहाच्या रांगेत गोळा होतात.

गावात आधीपासून काय चालतं, याची चौकशी नको. कव, म्हणजे डोल बांधायचे समुद्रातले खुंट, कुठे मारायची याचे गावोगावचे संकेत असतात, त्यावरून भांडणं होतात आणि मिटतातही. सिंधुदुर्गात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं, ओढणाऱ्यांचे संघ आहेत, त्यांची वाटणीची रीत ठरलेली आहे. हे मान्य केलं, तर नवी समिती कशाला, असा प्रश्न निघेल. म्हणून आधी समिती, मग गाव. मालवणचा कित्ता समोर आहेच: १९८७ मध्ये २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, मासेमारांचा विरोध मागाहून कळला.

आता मासे वाचवण्याचं. पापलेट ४ सप्टेंबर २०२३ ला राज्यमासा झाला. त्याच वर्षी ५४ जातींसाठी किमान आकारही ठरला; पापलेटाला १३५ मिलिमीटर, बोंबलाला १८०. तुम्ही गावात प्लास्टिकच्या पट्ट्या वाटा. डोलीच्या खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत, दाबून आलेलं पिल्लू होडीत पडेपर्यंत बहुधा मेलेलंच असतं, ते मोजून परत टाकलं तरी पाण्यात मेलेलाच मासा जातो, हे बोलायचं नाही. खरा फरक खोल्याच्या आसात, म्हणजे जाळीच्या भोकात, असतो. बोटीनं ओढायच्या ट्रॉल जाळ्याच्या शेपटाला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस लावला, तर ताण पडूनही तो उघडा राहतो आणि पिल्लं निसटतात. नेहमीचा शंकरपाळी आस ओढ लागली की मिटतो. पण जाळं बदलायचं म्हणजे खर्च कोणी करायचा, हा विषय निघतो. पट्टी स्वस्त, आणि तिच्यावर बोधचिन्हही छापता येतं.

उपजीविकेसाठी खेकडापालन घ्या. पिल्लं तामिळनाडूच्या हॅचरीतून येतात. निधी मार्चअखेर सुटतो, त्यामुळे ती मे संपता संपता खाडीत पडतील असं जमवा. जूनमध्ये गोडं पाणी उतरलं की खारटपणा एकदम घसरतो आणि नाजूक पिल्लांना तो सोसत नाही. कुंपणाची जाळी चिखलात खोल गाडू नका, खेकड्यांना खालून उकरून जाऊ द्या. लपायला पाइपाचे तुकडे, कौलं असलं काही टाकू नका. कात टाकलेल्या मऊ खेकड्याला शेजारीच खातो, म्हणजे खाद्याचाही खर्च वाचतो. मरतूक झाली की ‘स्थानिकांमध्ये उत्साहाचा अभाव’ असं लिहायचं. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून लोकांना कांदळवन दाखवतात आणि कमावतात, हे उदाहरण कोणी काढलं तर ‘अपवाद’ म्हणा.

जाळ्यात कासव अडकलं आणि जाळं कापून सोडलं, तर कांदळवन प्रतिष्ठानाकडून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. फोटो काढून अर्ज केला की झालं. समिती लागत नाही, भाषण लागत नाही. अशा योजना फैलावल्या तर आपलं काम काय उरणार? त्यांची माहिती इंग्रजी पत्रकात छापून वाटा.

शेवटी गस्त. झगझगीत एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून करायच्या मासेमारीवर केंद्राची बंदी २०१७ पासून आहे. पर्ससीननं, म्हणजे माशांचा थवा वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यानं, राज्याच्या १२ सागरी मैलांत काय करायचं नाही, याचेही नियम आहेत. गावच्या पोरांना ‘सागररक्षक’ असं छापलेले टीशर्ट द्या, ओळखपत्रं द्या. नौका नको, डिझेल नको. क्षितिजावर रात्री उजेड दिसला, की त्यांनी एका नंबरवर फोन करावा. तो कार्यालयीन वेळेत उचलला जातो. आणि एखाद्या रात्री त्यांनी आपल्याच होड्यांनी एलईडीवाल्याला घेरून बंदरात आणलं, तर मात्र दिरंगाई नको. सकाळ व्हायच्या आत गुन्हा दाखल झाला पाहिजे, आणणाऱ्यांवर.