साठी झाली म्हणून डाळ-दूध सोडू नका

ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज वर्षभर फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. साठीनंतर शरीराला प्रथिनं लागत नाहीत, डाळ-दूध-अंडी बंद करा, नाहीतर किडनी जाईल. रात्री जेवू नका, पेज किंवा चहा-बिस्किट पुरे. आयोडीनचं मीठ फेकून सैंधव आणा. उठल्याउठल्या दीड लिटर पाणी प्या. व्यायाम म्हणजे फक्त चालणं, वजन उचलू नका. खाली हात जोडलेले आणि 'आपल्या आईवडिलांना नक्की पाठवा'. लोक खरोखरच मायेने पाठवतात, म्हणूनच मला हा मेसेज जास्त घातक वाटतो.

पहिला मुद्दा किडनीचा. याला आधार अजिबात नाही असं नाही. किडनीचा जुना आजार असेल तर डॉक्टर प्रथिनांवर मर्यादा घालतात, आणि ती पाळायलाच हवी. पण आजाऱ्याचं पथ्य सरसकट सगळ्या म्हाताऱ्या माणसांना लावणं चूक आहे. ज्याची किडनी नीट चालते, त्याची ती वाटीभर उसळीने बिघडत नाही. शंका असेल तर रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या, साधी तपासणी आहे. मेसेज वाचून डाळ सोडू नका.

उलट वय वाढतं तशी प्रथिनांची गरज वाढते. भूक मंदावते, एकूण उष्मांक कमी लागतात, हे खरं. पण तरुण स्नायू जेवढ्या प्रथिनांवर भागवतात, तेवढ्यावर म्हातारे स्नायू तग धरत नाहीत. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं प्रौढांसाठीचं प्रमाण आहे दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम. वृद्धांच्या पोषणावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१३ साली निरोगी ज्येष्ठांसाठी १ ते १.२ ग्रॅम सुचवले. म्हणजे ५५ किलोच्या आजींना रोज ५५ ते ६६ ग्रॅम.

आता आपल्या घरातलं ताट बघा. सकाळी चहा-खारी, मग बशीभर पोहे. दुपारी दोन पोळ्या, भाजी, भात आणि त्यावर पातळ वरण. रात्री पेज. हिशोब केला तर जेमतेम ३० ग्रॅम भरतात. पोट भरलेलं असतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मग 'आईचे पाय हल्ली भरून येतात', 'बाबांना जमिनीवरून उठवत नाही' सुरू होतं आणि सगळे म्हणतात, वय झालं. वयाचा भाग आहेच, ताटाचाही आहे.

रात्रीच्या पेजेवर म्हणूनच माझा सगळ्यात जास्त राग आहे. तांदळाच्या पेजेत पिष्ट आणि पाणी, बिस्किटात मैदा, साखर आणि तेल. संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत अंगाला दुसरं काही मिळत नाही. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर रात्री साखर उतरून चक्कर येऊ शकते, आणि या वयात अंधारात पडणं म्हणजे खुब्याचं हाड. जड नको वाटतं ना? मग लवकर आणि मऊ जेवा, पण नीट जेवा. पिठलं-भाकरी घ्या, त्या एका जेवणात १२-१३ ग्रॅम प्रथिनं सहज मिळतात. खिचडीत तांदळाइतकीच मुगाची डाळ घाला. सकाळी पोह्यांऐवजी मुगाचं धिरडं, दुपारी पातळ वरणाच्या जागी घट्ट वरण किंवा उसळ आणि वाटीभर दही, चार वाजता कपभर दूध, चालत असेल तर एक अंडं. मांदेली-बोंबील खाणाऱ्यांचं काम आणखी सोपं. कवळी असेल तर फुटाण्यांऐवजी डाळ्याचं कूट, दाण्यांऐवजी दाण्याची चटणी. यात महागडी प्रोटीन पावडर कुठेच लागली नाही.

उपवासाचंही इथेच बोलते. चातुर्मासात आठवड्याला दोन-तीन उपवास करणाऱ्या कितीतरी आजी आहेत. त्यांना उपवास सोडा म्हणायचं नाही. पण साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच. राजगिरा, दूध, ताक, दाण्याची आमटी आणि भगर एवढं सांभाळलं तरी दिवस उपाशी जात नाही. आणि एकट्या राहणाऱ्या बायकांचं एक वाक्य मला फार टोचतं: 'माझ्या एकटीसाठी काय करायचं!' जन्मभर सगळ्यांना वाढून उरलेलं खाल्लं, आता स्वतःपुरतं वरण लावायचाही कंटाळा. असा मेसेज त्या कंटाळ्याला आरोग्याचं नाव देतो.

सैंधवाबद्दल थोडक्यात. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. रक्तदाबाला त्याने सूट मिळत नाही, आयोडीन मात्र जातं. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कसा घटतो हे आपल्याच शास्त्रज्ञांनी दाखवलं, ते मीठ फेकून द्यायचं? दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ हवं असेल तर पापड, लोणचं, फरसाण कमी करा. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं; किडनीचा त्रास किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

पाण्याचंही तसंच. वयाबरोबर तहान कमी लागते, म्हणून दिवसभर थोडं थोडं, आठवणीने प्यायला हवं. पण एकदम दीड लिटर ढोसायचं कारण नाही. हृदय कमकुवत असलेल्यांना ते सोसत नाही, आणि लघवीच्या काही गोळ्या चालू असताना रक्तातलं सोडियम उतरून माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलायला लागतो.

शेवटी वजन उचलण्याचा मुद्दा. चालणं उत्तम, पण त्याने एकट्याने मांड्या आणि दंड टिकत नाहीत. बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या, अशक्त माणसांना आठ आठवडे मांड्यांचे वजनाचे व्यायाम दिले. १९९० साली छापलेल्या त्या अभ्यासात त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. उलट प्रयोगही झाला आहे: धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर पायांचं मांस जवळपास किलोभर घटलं. आजारपणानंतर 'आराम कर, हलू नकोस' म्हणताना हे लक्षात असू द्या.

घरी एक गोष्ट करून बघा. भक्कम खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घ्या आणि आधार न घेता पाच वेळा उठा-बसा. शेजारी कुणीतरी उभं राहा, घड्याळ लावा. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे गेल्यावर रक्तदाबाबरोबर हेही सांगा, आणि कुठले व्यायाम झेपतील ते विचारा. तोवर रोज हेच उठणं-बसणं, झेपेल तेवढं, आणि दुपारच्या ताटात घट्ट वरण.