‘एका इंजेक्शनात ब्लड कॅन्सर गायब’ हा मेसेज पुढं ढकलायच्या आधी हे वाचा

परभणी-लातूरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायलाय: लेकरांच्या ब्लड कॅन्सरवर मुंबईत एकच इंजेक्शन निघालंय, इम्युनिटी वाढून कॅन्सर मुळासकट जातो, किमो बंद करा, तोवर गुळवेलीचा काढा द्या, आणि ताप आला तर समजा इम्युनिटी कामाला लागली.

इंजेक्शन खोटं नाही. कार-टी सेल थेरपी म्हणतात, आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलच्या लोकांनी मिळून केलेली देशातली पहिली थेरपी ऑक्टोबर 2023 मध्ये मंजूर झाली, खरंच अभिमानाचं काम आहे. पण ती मंजुरी 15 वर्षं आणि त्यापुढच्या पेशंटला, ते पण बी-सेलचा (रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) कॅन्सर उलटला किंवा औषधाला दाद देत नसंल तरच. पाच वर्षाच्या लेकराचं कालच निदान झालंय, त्याच्यासाठी ती नाहीच.

इम्युनिटी वाढते म्हणणं तर साफ चूक, ल्युकेमिया (ब्लड कॅन्सर) हा पांढऱ्या पेशींचाच कॅन्सर, मग वाढवायचं काय? यात पेशंटच्या रक्तातल्या टी-सेल (या पण पांढऱ्या पेशीच) काढून लॅबमध्ये त्यात नवा जीन घालतात, मग त्या सीडी19 ही खूण असलेल्या बी-सेल हुडकून मारतात, त्यात चांगल्या बी-सेल पण जातात आणि इन्फेक्शनचा धोका राहतो. आणि या पेशी अंगात सोडायच्या आधी किमोच देतात!

2012 मध्ये अमेरिकेत एमिली व्हाइटहेड या लहान मुलीला ही थेरपी दिली, ती बरी झाली, पण मधी व्हेंटिलेटरवर गेली होती. पुढं 2018 ला 75 मुलं-तरुणांचा अभ्यास छापून आला, त्यात 81 टक्क्यांचा कॅन्सर तीन महिन्यांत दिसेनासा झाला, पण वर्षभर तसाच टिकला तो एकूण पेशंटपैकी जवळपास निम्म्यांचाच.

आता किमोचं. लेकरांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा ब्लड कॅन्सर म्हणजे एएलएल (अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया), आणि प्रगत देशांत किमो पूर्ण घेतलेली दहातली आठ-नऊ लेकरं बरी होतात. ट्रीटमेंट दोन-अडीच वर्षांची, आणि घोळ होतो तो इथंच. केस परत येतात, लेकरू शाळेत जायलंय, खेळायलंय, मग रोज रात्रीची 6-एमपीची (मर्कॅप्टोप्युरिन, किमोचंच औषध) गोळी ‘आता कशाला’ म्हणून डब्यातच राहते, आणि रिपोर्टमध्ये न दिसणाऱ्या उरल्यासुरल्या पेशी परत डोकं वर काढतात. अशा घरात हा मेसेज गेला की काय होईल, जरा विचार करा राव.

गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलेत, आणि 6-एमपीचा ताण पण लिव्हरवरच असतो, म्हणून काढा डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच.

सगळ्यात घातक ती तापाची ओळ. किमोत पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात, 100.4 च्या पुढं ताप म्हणजे इमर्जन्सी, शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला पाहिजे. संभाजीनगरचं कॅन्सर हॉस्पिटल लांब असंल तर सकाळची वाट बघत बसू नका, आहे त्या रात्री जवळच्या दवाखान्यात जा, किमो चालू आहे हे पहिल्या वाक्यात सांगा आणि तिथूनच आपल्या कॅन्सर वॉर्डला फोन लावा.