दोन तासांनी बरंच काही बिघडतं

"नेत्यांनी महिन्यातून एकदा तरी शाळेत येऊन मुलांना प्रेरणा द्यावी. यशवंतराव, वसंतदादा अशीच भाषणं ऐकून घडले. दोन तास अभ्यास बुडाला तर काय बिघडतं? मुलांना शिस्तच लागते." हा मजकूर सांगली-साताऱ्यात फिरतोय. काल आमच्या दाजींनीही तो घरच्या ग्रुपवर टाकला. दाजी, राग मानू नका, पण उत्तर देणं भाग आहे.

आधी ते दोन तास. माझी पुतणी तासगाव तालुक्यात सातवीत आहे. मागच्या कार्यक्रमाला पोरं दहा वाजता मैदानात बसवली, साहेबांच्या गाड्या आल्या साडेबाराला. मग हारतुरे, सत्कार, प्रास्ताविक. पाणी प्यायला उठलेल्या पोरींना दटावून खाली बसवलं. आदले दोन दिवस स्वागतगीत बसवण्यात गेले आणि गणिताचे सर मांडववाल्याच्या मागे. शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीला वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन मागतो. त्याच कायद्याचं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपू नये. साहेबांचा मांडव यातल्या कशात बसतो?

शिस्तीचं म्हणाल तर उन्हात, लघवी दाबून, सर नाव लिहून घेतील या धाकानं बसलेल्या पोरीला कसली शिस्त लागते?

यशवंतराव आणि वसंतदादांचं नाव घेतलंय, याचा मला सगळ्यात राग आला. ती पोरं चळवळीत आपल्या पायांनी गेली. यशवंतराव शाळकरी वयातच १९३२ मध्ये तुरुंगात गेले. वसंतदादांनी १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडला, गोळी झेलली. हजेरी घेऊन कुणी त्यांना सतरंजीवर बसवलं नव्हतं. आणि दादांचं शिक्षण कमी झालं म्हणून त्यांनी तास बुडवायला सांगितलं नाही. मुख्यमंत्री असताना त्यांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, पोरं शिकावीत म्हणून.

एक मान्य करते. आमदार-खासदार कसा दिसतो, काय काम करतो, हे मुलांना कळायला हवं. मग शेवटच्या तासाला या, वर्गात बसा, माईक नको, फोटोवाले नकोत, मुलांना विचारू द्या. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण शाळा सुटल्यावर गाडीच नसते, हे पुतणीला विचारायचंय. साहेबांनी तिथूनच आगारात फोन लावला, तर दाजी, पुढच्या वेळी सतरंज्या टाकायला मी येते.